वाटी कशाची?

गेल्या ईदच्या दोन दिवस आधी पुण्याहून लेकीचा फोन. नानखटाई करायला बसली होती. "अम्मी, तुझी एक वाटी म्हणजे किती ग्रॅम?"

मी विचारलं, "कशाची?"

"वाटी म्हणजे वाटी ना!" ती वैतागली.

मी भाषा शिकवते, गणित नाही. तरी वजनकाटा काढला आणि आमची रोजची वाटी एकेक जिन्नस भरून मोजली. पाणी 200 ग्रॅम. साखर 170 च्या आसपास. रवा 140. मैदा दाबून भरला तर 125, चाळून अलगद भरला तर शंभरसुद्धा नाही. वाटी तीच, हात तोच. आकडे लिहिता लिहिता मला वीस वर्षांपूर्वीचा फितरा आठवला.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. ईदच्या नमाजाआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे गरिबाला जे धान्य किंवा त्याची किंमत देतात, तो फितरा. त्याचं मूळ परिमाण 'साअ'. हे वजन नाही, माप आहे: चार मुद्दांचा एक साअ, आणि मुद्द म्हणजे साधारण दोन्ही हातांची ओंजळ. हनफी लोक गव्हाचा अर्धा साअ देतात. आपल्याकडच्या जुन्या मंडळींनी त्याचं वजन 140 तोळे धरलं, म्हणजे पावणेदोन शेर. शेर 80 तोळ्यांचा, 933 ग्रॅमचा. म्हणून मशिदीच्या फलकावर 1 किलो 633 ग्रॅम असा विचित्र आकडा दिसतो. आमच्या सासूबाई सरळ पावणेदोन किलो धरत. कमी नको पडायला.

त्यांच्याकडे गव्हाच्या कोठीत एक पत्र्याचं माप होतं. दोन मापं गहू म्हणजे एका माणसाचा फितरा. लग्नानंतरच्या दुसऱ्या रमजानला ते काम माझ्याकडे आलं. गल्लीच्या टोकाला एक एकट्या राहणाऱ्या खाला होत्या. त्यांना गिरणीपर्यंत चालवत नसे, म्हणून मी गव्हाऐवजी पीठ दिलं. घरात सहा माणसं, बारा मापं. आपण किती विचार केला, असं वाटून मी खूश होते.

संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "बेटा, आटा हलका रहता," एवढंच म्हणाल्या आणि तराजू काढायला लावला. दोन मापं पीठ जेमतेम सव्वा किलो भरलं. माणशी अर्धा किलो कमी, सहा जणांचे तीन किलो. बी.एड. झालेल्या सुनेला घाम फुटला. शाळा न पाहिलेल्या बाईने माझी चूक मापाच्या नावावरून ओळखली होती.

इफ्तारनंतर तीन किलो पीठ घेऊन गेले. काय बोलावं ते सुचेना. खालांनी पिशवी घेतली आणि म्हणाल्या, "गाठोडं उचललं तेव्हाच वाटलं, घरातलं कोणी बाहेरगावी गेलं असेल." चूक झाली, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. किंवा आलं असेल, मला कळू दिलं नाही.

लेकीला मी सगळे आकडे पाठवले, मैदा चाळून घे, हेही लिहिलं. ईदला फोटो आला. नानखटाया पसरून एकमेकींना चिकटलेल्या. तूप वितळवून घातलं होतं म्हणे. ते घट्ट हवं, हे सांगायचं माझ्याकडून राहिलं.