विजेत्यांचे पाचवे स्थान

१३ मार्च २०२१ रोजी बिपिन सिंगच्या अखेरच्या क्षणीच्या गोलाने मुंबई सिटीने एटीके मोहन बागानला २-१ असे नमवले आणि इंडियन सुपर लीगचे विजेतेपद मिळवले. जेसल पार्कमधील आमच्या इमारतीतील मुले तेव्हापासून निळ्या शर्टातच वावरू लागली. पुढच्या हंगामाकडून अपेक्षा साहजिकच मोठ्या होत्या, आणि पहिल्या सहापैकी पाच सामने जिंकून संघाने त्या आणखी वाढवल्या. बागानला तर ५-१ असे हरवले! मग केरळने ३-० असे पाडले आणि जणू बरकतच गेली. कित्येक आठवडे विजय दिसेना. शेवटी पाचवे स्थान, उपांत्य फेरीही हुकली.

सारे सामने गोव्यात, रिकाम्या मैदानांत झाले, ही सबब काहींनी पुढे केली. पण विजेतेपदही तशाच मैदानांत मिळाले होते. माझ्या व्यापारी बुद्धीला दुसरेच कारण पटते. ऐन हंगामाच्या तोंडावर प्रशिक्षक लोबेरा गेले. जुना मुनीम दिवाळीआधी निघून गेला की पेढीची घडी कशी विस्कटते, हे वाचकांना सांगायला नको.

माझा धाकटा महिनाभर फुटबॉलविषयी बोललाच नाही. एप्रिल २०२२ मध्ये याच संघाने रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असे हरवले. आशियाई चॅम्पियन्स लीगमधील भारतीय संघाचा तो पहिला विजय. त्या रात्री त्याने मला झोपेतून उठवले.