ओले फडके

वाई गाव मागे पडते न पडते तोच पाचगणीचा रस्ता पसरणीच्या घाटाला लागतो. एका बाजूला काळा कातळ, दुसऱ्या बाजूला खोल उतार, आणि खाली दूरवर कृष्णेचे खोरे व धोम धरणाचे चमकणारे पाणी. वाटसरूला हे दृश्य रमणीय वाटते; पण जुनी मोटार हाकणाऱ्याचे लक्ष त्या दृश्याकडे नसते. त्याचे कान बॉनेटखालच्या आवाजाकडे लागलेले असतात.

१९९४ सालच्या उन्हाळ्यात या घाटाने वाईच्या एका वृद्ध डॉक्टरांची चांगलीच परीक्षा पाहिली. त्यांच्याकडे अॅम्बॅसॅडर गाडीची इस्टेट होती. बंगालमध्ये हुगळीच्या काठी उत्तरपाडा येथे तयार होणारी अॅम्बॅसॅडर तेव्हा साऱ्या देशाच्या परिचयाची होती. पुढे २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. इस्टेटचे छत मागच्या टोकापर्यंत सरळ गेलेले असे, आणि मागचे आसन आडवे केले की एक माणूस आरामात निजू शके. म्हणूनच ती गाडी आसपासच्या खेड्यांना रुग्णवाहिकेच्या ठिकाणी होती. तिचा रंग उडाला होता, दारे कुरकुरत होती. पण तिने किती रुग्ण वेळेवर पोहोचवले याची मोजदाद कोणी ठेवली नव्हती.

त्या वर्षी मात्र तिला एक खोड लागली. सपाटीवर ती मुकाट्याने धावे; घाटात वरच्या वळणांवर पोहोचली की दोन-चार आचके देई आणि बंद पडे. अर्ध्या तासाने जणू काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होई.

घाटाच्या पायथ्याशी दुरुस्तीचे दुकान असलेले मिस्त्री त्या भागात नावाजलेले होते. ऐकताक्षणीच ते म्हणाले, “डॉक्टरसाहेब, उन्हाने पेट्रोलची वाफ होते. वाफ नळीत अडकली की पेट्रोल पुढे सरकत नाही. पंपावर ओले फडके ठेवा, गाडी चालू होईल.” हे कारण काही खोटे नव्हते, उन्हाळ्यात घाट चढणाऱ्या पुष्कळ गाड्यांना तो विकार जडतो. डॉक्टरांनी फडके ठेवले, गाडी सुरू झाली. पुढे मिस्त्रींनी पंपही नवा बसवला. त्यानंतर दोन दिवस डॉक्टर पहाटेच्या गारव्यात घाट चढले आणि गाडी कोठेही अडली नाही. दुखणे संपले, असे सर्वांनी मानले.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी, धाप लागलेल्या एका म्हातारीला वरच्या रुग्णालयात नेत असता, गाडी नेमक्या त्याच वळणावर थांबली. फडके ठेवले, पाणी ओतले. इंजिन हूं की चूं करीना. म्हातारीचा श्वास जड होऊ लागला. सुदैवाने मागून एस.टी. आली. चालकाने गाडी थांबवली, उतारूंनी म्हातारीला उचलून आत घेतले, आणि ती वेळेवर पोहोचली व बचावली. परंतु संध्याकाळी दुकानात आलेले डॉक्टर थकलेल्या स्वरात म्हणाले, “मिस्त्री, आता ही गाडी भंगारात काढावी. आज दैव आडवे आले. उद्या कोण येणार?”

मिस्त्री खाली मान घालून उभे राहिले. सुट्टीत त्यांच्याकडे राहावयास आलेला, आठवीत जाणारा भाचा हे ऐकत होता. डॉक्टर गेल्यावर त्याने भीतभीत विचारले, “मामा, फडके ठेवलेच नसते, तर गाडी सुरू झाली नसती का?”

मिस्त्रींच्या कपाळावर आठी उमटली. तीस वर्षांच्या अनुभवाला एका पोराने शंका विचारावी! पण क्षणभराने ती आठी विरली. “भाचेबुवा,” ते म्हणाले, “हे आपण कधी पाहिलेच नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा-भाचे रिकामी गाडी घेऊन मुद्दाम घाटात गेले. नेहमीच्या वळणावर ती बंद पडली. या खेपेस कोणी फडक्याला हात लावला नाही. दोघे झाडाखाली बसून राहिले. पंचवीस मिनिटांनी गाडी आपोआप सुरू झाली! म्हणजे इतके दिवस श्रेय मिळत होते ते फडक्याला; काम करीत होता तो केवळ वेळ.

पुन्हा दुसरी फेरी झाली. गाडी थांबताच मिस्त्रींनी पेट्रोलची नळी सोडवून तिचे तोंड बाटलीत धरले व भाच्याला सेल्फ मारावयास सांगितले. पेट्रोल पिचकारीसारखे बाटलीत पडले. वाफेचा आळ खोटा ठरला. नळी घट्ट बसवून, सांडलेले थेंब पुसून आणि बाटली दूर नेऊन मगच त्यांनी ठिणगी तपासली. कारण पेट्रोल आणि ठिणगी यांची गाठ पडू देणे म्हणजे आगीला आमंत्रणच. निळी, टणक ठिणगी पडावयास हवी होती. पडली ती पिवळी आणि मरतुकडी.

“इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असले, तर चार सिलिंडरांत मिळून मिनिटाला ६,००० ठिणग्या पडाव्या लागतात,” मिस्त्रींनी सांगितले. “डिस्ट्रिब्यूटरातले पॉइंट तितक्या वेळा उघडतात. ते उघडताना तेथेच ठिणगी उडून वीज वाया जाऊ नये, म्हणून शेजारी कंडेन्सर असतो.” त्यांनी झाकण काढले. पॉइंटची तोंडे जळून काळीनिळी झाली होती. बोटाच्या पेराएवढा तो कंडेन्सर घाट चढताना तापला की दगा देई आणि निवला की पुन्हा शहाण्यासारखा वागे.

काही रुपयांचा नवा कंडेन्सर आणि नवे पॉइंट बसले. दुसरे काहीही बदलले नाही. दुपारच्या उन्हात गाडी न थांबता पाचगणीच्या पठारावर पोहोचली. भाचा आनंदाने टाळ्या पिटू लागला, पण मिस्त्री म्हणाले, “थांब. परवाही आपण असेच फसलो होतो.” खाली येऊन त्यांनी जुना कंडेन्सर पुन्हा जोडला. गाडी त्याच वळणाच्या आसपास बंद पडली. नवा जोडला, गाडी चालू झाली आणि तडक वर गेली. तेव्हा कोठे त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसले.

रात्री ते डॉक्टरांच्या घरी गेले व पंप बसवण्याची मजुरी त्यांच्यापुढे ठेवून म्हणाले, “पंप नवा आहे, तो आपल्या उपयोगी पडेल. पण ही मजुरी माझ्या चुकीची आहे. ती मला पचणार नाही.”

डॉक्टरांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. “मिस्त्री,” ते हसून म्हणाले, “आम्हीही पुष्कळदा औषध देतो, आणि रोगी बरा होतो तो केवळ दिवस गेले म्हणून. फरक ओळखणे कठीण असते.” त्यांनी पैसे घेतले, कारण ते न घेणे हा त्या प्रामाणिकपणाचा अवमान झाला असता.

इस्टेट भंगारात गेली नाही. पुढेही कितीतरी उन्हाळे ती घाट चढत राहिली. दुकानातील एका खिळ्याला मात्र तो जुना कंडेन्सर तारेने बांधून टांगलेला असे. कोणी घाईने निदान सांगू लागला, की मिस्त्री काही न बोलता त्याच्याकडे बोट दाखवीत.