टीव्हीला वास येत नाही!

कोल्हापूर सोडून कुठल्याही शहरातल्या हॉटेलात जा आणि मेन्यूकार्ड उघडा. पनीर बटर मसाल्याच्या आसपास एक नाव हमखास सापडणार... व्हेज कोल्हापुरी! फ्लॉवर, गाजर, फरसबी, मटार, त्यावर लालभडक ग्रेव्ही आणि शोभेला एक अख्खी सुकी मिरची. पुण्या-मुंबईच्या मित्रांना वाटतं, आम्ही घरी रोज हेच खातो. बॉस, खरं सांगू? कोल्हापुरात कुणाच्या आईनं ही भाजी केलेली मी अजून पाहिलेली नाही. नाव आमच्या गावाचं, भाजी हॉटेलवाल्याची!

हे दुखणं फक्त आपलंच असेल असं मला वाटायचं. पण मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत एक्स्पोर्टचं काम बघतो. आमची कास्टिंग्ज युरोपात जातात, त्यामुळे अधूनमधून तिकडचे पाहुणे येतात. एकदा स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचा एक इंजिनिअर आला होता. इन्स्पेक्शन संपल्यावर त्याला तांबडा-पांढरा खायला घेऊन गेलो. गडी घामाघूम झाला, पण हटला नाही. पांढऱ्याच्या चार वाट्या रिचवल्या! त्याला मी व्हेज कोल्हापुरीचं गाऱ्हाणं सांगितलं, तर तो टेबलावर हात आपटून हसायलाच लागला. म्हणाला, आमच्या पाएयाचं सेम असंच झालंय.

पाएया म्हणजे त्यांचा भात. मूळचा व्हॅलेन्सियाचा. पसरट कढईत, लाकडाच्या जाळावर, चिकन, सशाचं मटण, शेंगा आणि केशर घालून करतात. जगभर मात्र पाएयाच्या नावाखाली काहीही खपतं. 2016 मध्ये जेमी ऑलिव्हर या ब्रिटिश टीव्ही शेफनं आपल्या पाएयात चोरिसो नावाचं सॉसेज टाकलं, आणि स्पॅनिश लोकांनी इंटरनेटवर त्याला अक्षरशः धुतला. पुढं 2021 मध्ये तिथल्या प्रादेशिक सरकारनं पाएयाला सांस्कृतिक वारशाचा दर्जाच देऊन टाकला. म्हणजे बघा, भाताच्या एका कढईसाठी सरकारी ठराव! आपल्याकडे तांबड्या रश्श्यासाठी अजून असं कुणी केलेलं नाही. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, चपलेलाही मिळालं. रश्श्याचं बघू कधी ते.

मग गप्पा टीव्हीवर आल्या. त्यांच्याकडे कार्लोस अर्गिन्यानो नावाचा एक बास्क शेफ आहे. 1991 पासून तो टीव्हीवर स्वयंपाक करतोय. जोक मारत मारत साधे घरगुती पदार्थ करायचे, ही त्याची स्टाइल. पाहुणा म्हणाला, "माझी आई त्याचा प्रोग्राम रोज बघते आणि नंतर स्वतःला हवं तेच करते." मी म्हटलं, मित्रा, आपल्या दोघांच्या आया बहिणी-बहिणी दिसतात!

कारण आमच्या घरातही अगदी हेच. आईच्या लग्नात तिला 'रुचिरा' मिळालं होतं. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक 1970 मध्ये आलं आणि वाटीच्या मापानं कित्येक पिढ्यांना स्वयंपाक शिकवून गेलं. मग 1993 मध्ये झी टीव्हीवर संजीव कपूर 'खाना खजाना' घेऊन आला. पुढं ई टीव्ही मराठीवर विष्णू मनोहरांची 'मेजवानी'. आणि 2007 मध्ये झी मराठीवर 'आम्ही सारे खवय्ये' सुरू झालं, तेव्हा तर दुपारी आमच्या कॉलनीत कर्फ्यू लागायचा. समोर प्रशांत दामले, आईच्या मांडीवर डायरी आणि हातात पेन. जाहिरात लागली की मगच आम्हाला चहा!

या कार्यक्रमांना नावं ठेवणं सोपं आहे, पण त्यांनी एक काम सॉलिड केलं. गावोगावच्या साध्या गृहिणींना कॅमेऱ्यासमोर उभं केलं. वऱ्हाडातली पातोडी, खानदेशातलं वरण-बट्टी, मालवणातलं तिरफळ... हे सगळं आमच्या कोल्हापुरी हॉलमध्ये टीव्हीनंच आणलं. आपल्या रोजच्या जेवणाचंही कुणाला कौतुक वाटू शकतं, हे कितीतरी बायकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

घोटाळा एकच. टीव्हीला वास येत नाही!

आणि कोल्हापुरी जेवणातून वास काढून टाकला तर उरतं काय? नुसता लाल रंग आणि जाळ. म्हणून तर बाहेर कोल्हापुरी म्हणजे तिखट, असं समीकरण होऊन बसलंय. खरं म्हणजे आमचं अर्धं जेवण पांढरं असतं हो! मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवायचं. त्याचं जे अळणी पाणी निघतं, त्यातल्या अर्ध्यात नारळाचं दूध आणि खसखस-काजूचं वाटण घालून पांढरा रस्सा करायचा. तो जास्त उकळला तर फुटतो, त्यामुळे डोळ्यांत तेल घालून उभं राहायचं. उरलेल्या अर्ध्याचा तांबडा. आणि फोडींचं सुकं. एका पातेल्यात तीन पदार्थ, आणि आयत्या वेळी पाहुणे वाढले तरी रस्सा पुरतो. हे कुठल्या मेन्यूकार्डावर लिहिणार?

तांबड्याचा जीव असतो चटणीत. बाहेरचे ज्याला कांदा-लसूण मसाला म्हणतात, त्याला आम्ही नुसतं चटणी म्हणतो. मार्च-एप्रिलमध्ये वर्षाची करून ठेवायची. रंगाला ब्याडगी, झणक्याला संकेश्वरी. गंमत बघा, मिरची आपली मूळची नव्हेच. 1492 मध्ये कोलंबस अमेरिकेला पोचला, त्यानंतर ती स्पेनला गेली आणि पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आली. स्पेनमधल्या ला वेरा भागात अजूनही मिरच्या ओकच्या लाकडाच्या धुरावर वाळवून त्यांची पूड करतात. आपण उन्हात वाळवतो आणि डंकावर कुटून आणतो. चुलत बहिणीच म्हणा की!

आता खरं सांगायचं ते सांगतो. 2021 च्या एप्रिलच्या शेवटी आईला कोविड झाला. घरातच बरी झाली, पण वास गेला. दोन आठवड्यांनी येईल म्हणाले, दोन महिन्यांनी येईल म्हणाले. आला नाही. त्या वर्षी आमच्याकडे चटणी झालीच नाही. शेजारच्या काकूंनी एक बरणी आणून दिली.

आई स्वयंपाक करत राहिली, पण गप्प झाली. एकदा जेवताना म्हणाली, "तिखट लागतंय रे, पण काय खातोय तेच कळंना." डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं. मिरचीचा जाळ ही चव नव्हेच, ती एक प्रकारची वेदना असते आणि ती वेगळ्या नसेतून मेंदूकडे जाते. त्यामुळे वास गेला तरी तिखट शाबूत राहतं. जातं ते बाकीचं सगळं. भाजलेलं खोबरं, धणे, लसूण, तीळ.

म्हणजे ज्या बाईनं चाळीस वर्षं चटणी केली, तिच्या जिभेवर आता तेच कोल्हापुरी उरलं होतं जे बाकीच्या जगाला माहीत आहे. नुसता जाळ. हे कळल्यावर मला व्हेज कोल्हापुरीवर जोक मारणं काही दिवस जमलं नाही.

2022 च्या एप्रिलमध्ये ती म्हणाली, "यंदा पाकीट आण. मला भाजणीचा अंदाज येत नाही." मी म्हटलं, "वास मी घेतो. तू फक्त सांग, कधी काढायचं."

आणि तिथंच गाडी अडली. कधी काढायचं, हे तिलाही सांगता येईना. "वास सुटला की काढायचं." अगं, कुठला वास? "सुटतो की तो... खमंग." चाळीस वर्षं ते काम तिच्या नाकानं केलं होतं. त्यासाठी शब्द कधी लागलेच नव्हते.

मग तिनं काय केलं असेल? टीव्हीवाल्यांसारखी मांडामांड! ओट्यावर बाऊल ओळीनं लावले. मोजायचा काटा काढला. आयुष्यभर अंदाजपंचे टाकणारी आई ग्रॅममध्ये बोलायला लागली. 700 ग्रॅम ब्याडगी, 300 ग्रॅम संकेश्वरी, पाव किलो धणे, पाव किलो खोबरं, पाव किलो लसूण, अर्धा किलो कांदा, 100 ग्रॅम तीळ. खडा मसाला वेगळा. आणि नाकाचं काम तिनं डोळे, कान आणि बोटांना वाटून दिलं. धणे चिमटीत चुरडले की झाले. तीळ तडतडायचा आवाज कमी झाला की गॅस बंद. खोबरं बदामी रंगावर आलं की लगेच उतरवायचं, कारण गरम कढईत ते पुढंही भाजत राहतं. मिरची? "तुला ठसका लागला की काढ." लागला. काढली. दोघंही हसलो.

मधेमधे ती विचारायची, "आता कसा वास येतोय? सांग की." आणि मी सांगत होतो. शेंगदाण्यासारखा... आता थोडा गोडसर... आता देवळात येतो तसा, लवंगेचा. ती डोळे मिटून ऐकायची आणि म्हणायची, "अजून अर्धा मिनिट." तो अर्धा मिनिट बरोबर असायचा.

डंकावरून चटणी आली तेव्हा डब्याचं झाकण उघडल्याबरोबर घरभर घमघमाट. बरणीत दाबून भरली, वर हिंगाचे खडे ठेवले. खवय्येवाल्या जुन्या डायरीत मागची पानं कोरी होती, तिथं हे सगळं लिहून काढलं. त्या डायरीत आईची स्वतःची रेसिपी त्या दिवशी पहिल्यांदा आली. आधीच्या सगळ्या पानांवर टीव्हीवरच्या बायकांच्या होत्या.

डॉक्टरांनी तिला एक व्यायामही दिला होता. रोज दोन वेळा गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हुंगायचं आणि तो वास आठवायचा. ती नेमानं करते. लवंग परत आलीय. लिंबू कधी येतं, कधी नाही. खोबऱ्याची अजून वाट बघतोय.

दरवर्षी आता चटणीला मी सुट्टी टाकतो. बॉसला कारण 'फॅमिली फंक्शन' असं सांगतो, आणि ते खोटं नाही. तुमच्यापैकी बरेच जण पुण्यात किंवा बेंगळुरूत एकटे राहत असाल, कपाटात घरून आलेली बरणी असेल आणि यूट्यूबवर रेसिपीजचा ढीग. रेसिपी बघा, व्हिडिओही काढा, काही हरकत नाही. फक्त एकदा, मार्च-एप्रिलचा एखादा वीकेंड घरी काढा. आई कढईपाशी असताना शेजारी उभे राहा आणि विचारा, "आता येतोय तो कुठला वास गं?" तिला सांगता आलं नाही, तर तुम्ही सांगा. ती बरोबर करून देईल.