देवधरांचे वय आणि पारावरचा वाद

(१) मंडळी, आजचा धागा एका जुन्या प्रश्नाविषयी आहे. खेळाडूचे वय झाले, आता त्याने थांबावे, हे कोणी आणि कशावरून ठरवायचे? पुण्याच्या क्रिकेटला हा प्रश्न नव्वद वर्षांपूर्वी पडला होता. माझ्यासमोर तो २०१७च्या उन्हाळ्यात, मुळशी तालुक्यातील लवळे या आमच्या गावी, देवळासमोरच्या पारावर उभा राहिला. म्हणून प्रथम पारावरची हकीकत सांगतो आणि मग इतिहासाकडे वळतो.

(२) चेन्नई आणि राजस्थान या दोन संघांवर बंदी आल्यामुळे २०१६ आणि २०१७ अशी दोन वर्षे आयपीएलमध्ये पुण्याचा नवा संघ होता. महेंद्रसिंह धोनी त्याचा कर्णधार. पहिले वर्ष वाईट गेले. महाराष्ट्रात दुष्काळ होता. न्यायालयाच्या आदेशामुळे मे महिन्यातील सामने राज्याबाहेर गेले आणि पुण्याला विशाखापट्टणम हे घरचे मैदान मानावे लागले. आठ संघांत आपला क्रमांक सातवा लागला. पुढच्या वर्षी, फेब्रुवारीत, धोनीकडून कर्णधारपद काढून ते स्टीव्ह स्मिथकडे देण्यात आले.

(३) गहुंज्याचे मैदान आमच्या गावापासून फार दूर नाही. त्यामुळे हा संघ आम्हांला घरचाच वाटे आणि त्याच्याविषयी बोलण्याचा अधिकारही घरच्यासारखाच वाटे. एप्रिलच्या आरंभी धोनीच्या धावा होईनात. पारावर दोन तट पडले. एक म्हणे, ‘आरं, पस्तिशी गाठली त्यानं, आता हात उठंना. पोरांना खेळवा की.’ दुसरा म्हणे, ‘हात न्हाई उठला तरी डोकं चालतंय ना? शेवटच्या चारांत जायचं आसल तर तोच पायजे.’ मी पहिल्या तटात होतो, आणि माझा आवाज बराच मोठा होता.

(४) २२ एप्रिलला गहुंज्यात हैदराबादने १७६ धावा केल्या. धोनीने ३४ चेंडूंत नाबाद ६१ धावा केल्या आणि शेवटच्या चेंडूवर चौकार मारून सामना जिंकून दिला. त्या रात्री पारावर दुसऱ्या तटाची दिवाळी होती. आम्ही मात्र म्हणालो, एका सामन्याने काय सिद्ध होते? हे वाक्य ध्यानात ठेवा. पुढे ते माझ्याच अंगावर येणार आहे.

(५) त्याच आठवड्यात आमच्याकडे टेनिस चेंडूची स्पर्धा चालू होती. भात काढलेल्या खाचरात दर उन्हाळ्यात असे सामने होतात. आमच्या संघाचा यष्टिरक्षक माझा थोरला चुलतभाऊ. आम्ही सारे त्याला दादाच म्हणतो. तेव्हा तो त्रेचाळीस वर्षांचा होता आणि वीस वर्षे यष्टींमागे तोच उभा राहत असे. संघ निवडण्याचे काम माझ्याकडे आले होते. उपांत्य सामन्यासाठी मी दादाला वगळून एकोणीस वर्षांच्या मुलाला घेतले.

(६) हे सांगायला मी संध्याकाळी दादाच्या घरी गेलो. ‘दादा, उद्या जरा पोराला बघू म्हणतो. तुमचं वय...’ वाक्य मी पुरे केले नाही. दादा म्हणाला, ‘बरं.’ दुसऱ्या दिवशी सामन्यापूर्वी तो त्या मुलाला बाजूला घेऊन म्हणाला, ‘बांधाकडच्या टोकाला चेंडू उठत न्हाई. तिथं खालीच बसून ऱ्हा.’ आम्ही सामना जिंकलो. मुलगा चोख उभा राहिला. सगळे म्हणाले, निर्णय बरोबर होता. अंतिम सामना आम्ही हरलो, पण त्याचे कारण यष्टिरक्षण नव्हते. त्यामुळे मला दोष द्यायला कोणाला जागाच उरली नाही.

(७) त्या पावसाळ्यात पुण्यातील जुन्या क्रिकेटविषयी वाचत असताना प्रा. दिनकर बळवंत देवधर यांच्यापाशी येऊन मी थांबलो. जन्म १४ जानेवारी १८९२. सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक. नावाने ते बहुतेकांना ठाऊक असतात, कारण १९७३-७४ पासून देवधर करंडक खेळला जाऊ लागला. करंडकामागच्या माणसाची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

(८) १९२६च्या हिवाळ्यात आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एमसीसीचा संघ हिंदुस्थानात आला. मुंबईच्या जिमखाना मैदानावर हिंदू संघाकडून सी. के. नायडूंनी ११ षटकारांसह १५३ धावा काढल्या. ती खेळी दंतकथा झाली. त्याच महिन्यात त्याच शहरात अखिल भारतीय संघाकडून खेळताना देवधरांनी त्याच पाहुण्यांविरुद्ध १४८ धावा केल्या. भारताला तेव्हा कसोटीचा दर्जा नव्हता. आपले फलंदाज इंग्लंडच्या गोलंदाजांपुढे टिकतात, हे या दोन खेळींनी जगाला दाखवले. देवधर त्या वेळी पस्तिशीला टेकले होते.

(९) कसोटीचा दर्जा मिळून भारताचा संघ इंग्लंडला निघाला तो १९३२ साली. देवधर चाळीस वर्षांचे झाले होते. वयाचा हिशेब झाला आणि त्यांची निवड झाली नाही. २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारताची पहिली कसोटी सुरू झाली. ती आपण १५८ धावांनी हरलो. देवधर अधिकृत कसोटी सामना कधीच खेळले नाहीत.

(१०) येथे घाई करू नये. देवधर असते तर आपण ती कसोटी जिंकलो असतो, असे म्हणण्याला कोणताही आधार नाही. ते दोन्ही डावांत शून्यावरही बाद झाले असते. अडचण वेगळीच आहे. जो खेळला त्याची चूक धावफलकावर उमटते. ज्याला खेळवले नाही त्याच्या नावापुढे काहीच उमटत नाही, आणि त्याला वगळणाऱ्यांची चूकही कोठे नोंदली जात नाही. निवड करणाऱ्याला वयाचा आधार सोयीचा वाटतो तो यामुळेच. त्या निर्णयाची परीक्षा कधी होतच नाही.

(११) देवधरांच्या बाबतीत मात्र काळाने एक अपवाद केला. १९३४ साली रणजी स्पर्धा सुरू झाली. तेव्हा आजच्यासारखे गट आणि गुण नव्हते. प्रदेशवार बाद फेऱ्या असत. हरला तो घरी. आज ज्याला आपण प्ले-ऑफ म्हणतो, ती अवस्था तेव्हा पहिल्या सामन्यापासूनच असे. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात ज्याच्या धावा अधिक तो पुढे जाई. पहिली दोन्ही विजेतेपदे मुंबईने घेतली. त्यानंतर नवानगर, हैदराबाद आणि बंगाल यांनी एकेकदा स्पर्धा जिंकली.

(१२) १९३९-४०च्या हंगामात महाराष्ट्राचे कर्णधार होते सत्तेचाळीस वर्षांचे प्रा. देवधर. त्यांच्या संघात सांगलीचा एक चोवीस वर्षांचा तरुण होता, विजय हजारे. त्याने पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी स्पर्धेतले ते पहिले त्रिशतक. अंतिम सामन्यात महाराष्ट्राने संयुक्त प्रांताला दहा गडी राखून हरवले आणि करंडक प्रथमच आपल्याकडे आला.

(१३) पुढच्या हंगामात, १९४०-४१ मध्ये, मुंबईशी गाठ पडली. महाराष्ट्राने ६७५ धावा उभारल्या. त्यांपैकी २४६ एकट्या देवधरांच्या. त्यांची पन्नाशी तेव्हा हाताच्या अंतरावर होती. मुंबईनेही हार मानली नाही. खंडू रांगणेकरांनी २०२ धावा केल्या आणि मुंबई ६५० पर्यंत पोहोचली. म्हणजे दोन बलाढ्य संघांमध्ये फरक पडला तो अवघ्या पंचवीस धावांचा. त्या आघाडीवर महाराष्ट्र पुढे गेला आणि अंतिम सामन्यात मद्रासला सहा गडी राखून हरवून सलग दुसऱ्यांदा विजेता ठरला. त्यानंतर तीनदा अंतिम फेरी गाठूनही महाराष्ट्राला रणजी करंडक पुन्हा जिंकता आलेला नाही.

(१४) पारावरचा पहिला तट येथे विचारील, आणि त्याने विचारावेच, की खेळपट्टी किती नरम होती? दोन डावांत मिळून १३२५ धावा झाल्या, म्हणजे गोलंदाजांना तिच्यात फारसे काही नव्हते. आक्षेप खरा आहे. पण त्याच खेळपट्टीवर इतक्या वेळ उभे राहायला पाय लागतात, एकाग्रता लागते, आणि ती पन्नाशीजवळच्या माणसाने दाखवली. १९४४ साली, वयाच्या ५२व्या वर्षी, देवधरांनी नवानगरविरुद्ध एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतके केली, १०५ आणि १४१. एका सामन्याने काही सिद्ध होत नाही हे माझे म्हणणे मी येथपर्यंत ओढून पाहिले. पुढे ते ओढवेना.

(१५) तरीही देवधरांच्या गोष्टीतून ‘म्हाताऱ्यांना खेळवा’ एवढाच अर्थ काढला तर तो अर्धवट होईल. ते दोन करंडक एकट्या देवधरांनी आणले नाहीत. हजारे होते, रंगा सोहोनी होते, त्यांच्याहून वीस-पंचवीस वर्षांनी लहान असलेली एक पिढी होती. कर्णधार आणि हजारे यांच्या वयात तेवीस वर्षांचे अंतर होते. वडीलधारा आणि पोरगा यांच्यापैकी एकाची निवड करा, असा प्रश्नच त्या संघाने स्वतःला घातला नाही. पारावर आम्ही तोच प्रश्न घालत होतो, आणि म्हणून आमचा वाद संपत नव्हता.

(१६) २०१७चा शेवट सांगायचा राहिला. पुण्याने शेवटच्या चारांत जागा मिळवली. १६ मे रोजी वानखेडेवरील क्वालिफायरमध्ये धोनीने २६ चेंडूंत नाबाद ४० धावा केल्या, आणि मग मुंबईला रोखले ते सतरा वर्षांच्या वॉशिंग्टन सुंदरने, १६ धावांत तीन बळी घेऊन. २१ मेच्या अंतिम सामन्यात मुंबईच्या १२९ धावांना उत्तर देताना आपण १२८ वर थांबलो. एका धावेने हरलो. धोनी १३ चेंडूंत १० धावा करून बाद झाला होता. पारावर पहिला तट म्हणाला, बघा. दुसरा म्हणाला, त्याच्याविना येथवर आला असता का? दोघांचेही समाधान झाले.

(१७) पुण्याचा तो संघ विसर्जित झाला. २०१८ साली कावेरीच्या पाण्यावरून तामिळनाडूत आंदोलन पेटले, चेन्नईचे घरचे सामने गहुंज्यात आले, आणि ज्याला आम्ही निवृत्त करून टाकले होते तोच माणूस पिवळ्या कपड्यांत आमच्या शेजारी खेळायला आला. त्या वर्षी तो कर्णधार म्हणून स्पर्धा जिंकला. मग २०२१ मध्ये. मग २०२३ मध्ये, वयाच्या ४१व्या वर्षी. त्याची फलंदाजी या काळात कमी होत गेली, हे पहिल्या तटाचे म्हणणे खोटे नव्हते. कोणत्या गोलंदाजाला कधी आणायचे, कोणत्या मुलाला किती दिवस सांभाळायचे, हे काम मात्र वाढत गेले. आम्ही फक्त कमी होणारी गोष्ट मोजत होतो.

(१८) दादाने त्या वर्षी बांधाकडच्या टोकाविषयी जे सांगितले, ते आमच्या संघात दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हते. मलाही नव्हते. पुढच्या उन्हाळ्यात मी त्याला बोलवायला गेलो. म्हटले, ‘दादा, यंदा या. पोरगं आणि तुम्ही, दोघंही लागताय.’ तो म्हणाला, ‘आता नको. सवय गेली. आन् तुझं काय चुकलं न्हवतं, जिंकलो ना आपण?’ तो मनापासून बोलत होता. त्याच्या आवाजात राग असता तर मला सोपे गेले असते.

(१९) माझे चुकले होते की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. ते ज्या सामन्यात कळले असते तो सामना मीच होऊ दिला नाही. १९३२च्या निवडकर्त्यांना निदान आठ वर्षांनी २४६ हा आकडा वर्तमानपत्रात वाचायला मिळाला असेल. खाचरातल्या क्रिकेटला तेवढेही भाग्य नसते.

(२०) प्रा. देवधर २४ ऑगस्ट १९९३ रोजी गेले, तेव्हा त्यांचे वय १०१ होते. तुमच्यापैकी कोणाच्या आजोबा-पणजोबांनी त्यांना खेळताना पाहिले असेल, किंवा महाविद्यालयात त्यांच्याकडून संस्कृत शिकले असेल, तर ती आठवण या धाग्याखाली अवश्य लिहा. आणि तुमच्या गावच्या संघातही एखादा दादा असेल, तर त्याला वगळण्यापूर्वी एकदा विचारा, बांधाकडच्या टोकाला चेंडू कसा येतो. धागा समाप्त.