हिवाळी टायर आणि आमचा मृग

जन्मात बर्फ न पाहिलेल्या माणसाने हिवाळी टायरविषयी लिहावे, हे वाचकांना थोडे गमतीचे वाटेल. आमचे बदनापूर हे छत्रपती संभाजीनगर आणि जालना यांच्या दरम्यान, रेल्वेमार्गावर आणि महामार्गावर वसलेले तालुक्याचे गाव. कृषी संशोधन केंद्रात निपजलेल्या तुरीच्या वाणांमुळे शेतकऱ्यांना ते ठाऊक आहे. येथे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा कधीमधी दहा अंशांच्या खाली उतरतो, शेकोट्या पेटतात, हरभऱ्यावर दव साचते. परंतु दुपार झाली की स्वेटर पुन्हा खुंटीला जातो. एप्रिल-मे महिन्यांत हाच पारा चाळिशी ओलांडतो. अशा गावात मोटारीला हिवाळ्यासाठी वेगळे टायर घ्यावेत काय, हा प्रश्न कुणाला पडणार? तरीही तो आमच्या घरात पडला, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता आम्हाला आमच्याच गाडीकडे निराळ्या दृष्टीने पाहावे लागले.

प्रश्न आणला तो थोरल्या बंधूंच्या मुलाने. तो जर्मनीत, म्युनिकजवळ, अभियंता म्हणून नोकरी करतो. मागच्या वर्षी त्याने तेथे एक जुनी मोटार विकत घेतली. ऑक्टोबर उजाडताच कामावरचे सोबती त्याला विचारू लागले, "हिवाळी टायर बसवलेस का?" रिमसकट चार टायरांचा जोड सहाशे युरोंच्या घरात जात होता, आपल्या हिशेबाने साठ हजार रुपये. परदेशात संसार नव्याने मांडलेल्या मुलाला ही रक्कम लहान नव्हे. फोनवर तो म्हणाला, "काका, कामावर मी आगगाडीनेच जातो. रस्त्यावरचा बर्फही नगरपालिका साफ करते. मग वर्षातल्या चार-आठ दिवसांसाठी एवढे पैसे घालवायचे का?" आम्ही काही बोलण्याआधीच त्याच्या काकूने विचारले, "आणि त्या चार-आठ दिवसांत बाळाला दवाखान्यात न्यावे लागले तर?"

घरातील हा संवाद तेथेच थांबला नाही. काही सांगायचे तर आधी जाणून घ्यावे, म्हणून आम्ही या विषयात थोडे खोल उतरलो.

टायर सगळे काळेच दिसतात. पण रबर आणि रबर यांत फरक असतो. उन्हाळ्यासाठी बनविलेल्या टायरचे रबर थंडीत कडक होते. साधारण सात अंशांच्या खाली पारा गेला की त्याची रस्त्यावरची पकड उणावू लागते. त्यासाठी बर्फच पडला पाहिजे असे नाही. हिवाळी टायरच्या मिश्रणात नैसर्गिक रबर आणि सिलिका यांचे प्रमाण असे राखलेले असते की तो गारठ्यातही मऊ राहतो. शिवाय त्याच्या नक्षीत असंख्य बारीक चिरा असतात. चाक फिरताना त्या चिरांच्या कडा बर्फाला धरून ठेवतात. हा शोध अर्थातच थंड मुलखातला. फिनलंडमधील एका रबर कारखान्याने, म्हणजे आजच्या नोकियन या कंपनीच्या पूर्वजाने, १९३४ साली मालमोटारींसाठी पहिला हिवाळी टायर तयार केला आणि १९३६ साली मोटारींसाठी.

जर्मनीत २०१० च्या डिसेंबरपासून याविषयी स्पष्ट कायदा आहे. त्यात तारखा नाहीत, परिस्थिती आहे: रस्त्यावर बर्फ, हिम किंवा गोठलेले पाणी असेल तर योग्य टायरांशिवाय मोटार हाकता येत नाही, हाकल्यास दंड होतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून तर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असे चिन्ह असलेलाच टायर त्यासाठी ग्राह्य धरला जातो. कॅनडातील क्वेबेक प्रांताने मात्र तारखाच ठरवून दिल्या आहेत. तेथे १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. जर्मन लोकांनी आपल्यापुरते एक सोपे सूत्र केले आहे: ऑक्टोबरपासून ईस्टरपर्यंत. त्यांच्या भाषेत दोन्ही शब्द 'ओ' या अक्षराने सुरू होतात, म्हणून ते लेकराच्याही ध्यानात राहते. टायरासारखी वस्तू सणाच्या आधाराने लक्षात ठेवावी, हे वाचून आम्हाला आपल्याकडच्या शेतकऱ्याची आठवण झाली. तोही तारखेपेक्षा नक्षत्र आणि सण यांवरूनच कामे लावतो.

खर्चाचा हिशेबही वाटतो तेवढा वाईट नाही. वर्षातले पाच-सहा महिने हिवाळी जोड रस्त्यावर असतो, तेव्हा उन्हाळी जोड कोपऱ्यात विसावलेला असतो. दोन्ही अर्धे अर्धे झिजतात, म्हणून दोन्ही जास्त वर्षे टिकतात. वाढीव खर्च होतो तो रिमांचा, वर्षातून दोनदा चाके बदलण्याचा आणि ती ठेवण्याच्या जागेचा. अर्थात जो फार कमी चालवतो त्याच्याकडे टायर झिजण्याआधीच म्हातारे होतात, कारण रबर नुसते पडून राहिले तरी वयाने कडक होते. त्या माणसाने बाराही महिने चालणारा मधला टायर घेतला, किंवा बर्फाच्या दिवशी मोटार दारातच उभी ठेवली, तर त्यात कमीपणा नाही. पण ज्याच्या घरात तान्हे मूल आहे, त्याला मोटार केव्हा बाहेर काढावी लागेल हे आधी ठरविता येत नाही. आम्ही पुतण्याला कळविले, "घेऊन टाक." त्याने घेतले.

तेवढ्यावर हा विषय संपला असता. पण पुतण्याने सहज विचारले, "काका, तुमच्या गाडीचे टायर कधीचे आहेत?" आणि आम्ही टॉर्च घेऊन अंगणात गेलो.

प्रथम हे सांगितले पाहिजे की हिवाळी टायर आपल्याकडे निरुपयोगीच नव्हे, तर अपायकारक ठरेल. मऊ रबर तापलेल्या रस्त्यावर भराभर झिजते आणि ब्रेक दाबल्यावर मोटार अधिक अंतर घेते. थंड देशातील शहाणपण जसेच्या तसे उचलून आणणे म्हणजे मे महिन्यात लोकरी कोट घालणे होय. घेण्यासारखी गोष्ट टायर नव्हे, त्यामागचा विचार आहे: ऋतू येण्यापूर्वी चाकाकडे पाहणे.

आणि हा विचार आपल्या मातीला परका नाही. लाकडी चाकांची बैलगाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना 'धाव' हा शब्द ठाऊक असेल. चाकाला बाहेरून बसविलेली लोखंडी पट्टी म्हणजे धाव. उन्हाळ्यात लाकूड आटते आणि धाव ढिली पडते. मग कुणी चाक पाण्यात भिजत ठेवी, कुणी लोहार-सुतारांकडे नेई. लोहार धाव तांबडी होईपर्यंत तापवून चाकावर चढवी आणि वरून पाणी ओतून आवळी. पेरणीच्या दिवसांत, ओल्या काळ्या मातीत, धाव निसटली तर गाडी जागच्या जागी बसते, हे त्या पिढीला पक्के माहीत होते. मग रबरी टायरांच्या बैलगाड्या आल्या, मोटारी आल्या. आणि चाकाची निगा राखण्याचा हंगाम मात्र आपल्या हातून गळून गेला. आता टायर फुटला तरच आपण त्याच्याकडे वळतो.

आमच्या गाडीचे टायर फुटलेले नव्हते. 'गोटा' झालेलेही नव्हते. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते. आमची अडीचच्या आसपास उरली होती. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटारीला १.६ मिलिमीटर हे किमान माप आहे. खाचेच्या तळाशी जे आडवे उंचवटे असतात ते याच मापाचे. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायरचे आयुष्य संपले. आमच्या टायरांचे ते संपले नव्हते. पंक्चरवाले मिस्त्री म्हणाले, "साहेब, दिवाळीपर्यंत काही बघायला नको."

कायद्याने तेही खरेच होते. पण कायदा कोरड्या आणि ओल्या रस्त्याला एकच माप लावतो. पाऊस तसे करीत नाही. आमच्या भागात वर्षाचा सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आणि पुष्कळदा तास-दोन तासांत धो धो. टायरच्या खाचा म्हणजे शेतातल्या चाऱ्याच. चारी मोकळी असली तर पाणी निघून जाते. चारी बुजली तर ते वावरात तुंबते. तसे रस्त्यावरचे पाणी खाचांतून बाहेर गेले नाही तर चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागते. मग सुकाणू फिरवा की ब्रेक दाबा, मोटार ऐकत नाही. अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेने १९६०च्या दशकात विमानांच्या चाकांवर याचे प्रयोग केले. हवेचा दाब जितका कमी, तितक्या कमी वेगाला चाक उचलले जाते, असे त्यांना आढळले. पाणी खाचांना न आवरण्याइतके खोल असेल आणि दाब मोटारीच्या नेहमीच्या ३२ पौंडांइतका असेल, तर त्यांच्या सूत्राने हा वेग ताशी नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर येतो. हवा कमी, तर वेगही त्याहून कमी. आणि झिजल्या खाचांना थोडेसे पाणीही आवरत नाही.

आमची सूनबाई परिचारिका आहे. जालन्याच्या एका रुग्णालयात तिची पाळी असते. महिन्यातून दहा-बारा रात्री ती त्या वीसेक किलोमीटरांच्या रस्त्याने स्वतः मोटार चालवीत परतते. मालमोटारी अंगावरून पाणी उडवीत जातात, दिव्यांचा उजेड काचेवर फुटतो. घरात आम्ही जागे असतो. पण जागे राहिल्याने रस्ता कोरडा होत नाही.

तेव्हा प्रश्न उभा राहिला तो पैशांचा. मृगाच्या तोंडावर शेतकऱ्याच्या घरात पैसा कसा असतो ते सांगायला नको. बियाणे, खत, नातवंडांची शाळेची फी, सगळे याच पंधरवड्यात. टायर दिवाळीत घेतले तर चार महिन्यांची सवड मिळत होती. पण ते चार महिने म्हणजेच पावसाळा. कोरड्या हिवाळ्यात जे टायर सुखाने चालले असते, तेच नेमके पावसात वापरायचे आणि पावसाळा सरल्यावर नवे बसवायचे, हा उलटा हिशेब होता. आम्ही राखून ठेवलेली तूर विकली आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात चारही टायर बदलले. सूनबाई म्हणाली, "बाबा, एवढी घाई नव्हती." तिच्या सासूने तिच्या हातात किल्ली दिली, एवढेच.

पावसाइतकाच आपला दुसरा ऋतू उन्हाळा. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग आमच्या जालना व बदनापूर तालुक्यांतून जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा खुला झाला. ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटरांचा मार्ग पुरा झाला. सरळ, सिमेंटचा, तासन्‌तास एकाच वेगाने जाता येणारा हा रस्ता आहे. २०२३ साली परिवहन विभागाने तेथे टायर तपासण्यास सुरुवात केली आणि गुळगुळीत टायरांची वाहने परत पाठविली. टायर केवळ उन्हाने फुटत नाही. हवा कमी असलेला टायर फिरताना कुशीत वाकतो, सरळ होतो, पुन्हा वाकतो. या वाकण्यानेच रबर आतून तापते. त्यात भर वेगाची, जास्त ओझ्याची आणि वयाची. दुपारी दाब चढलेला पाहून अनेक जण हवा काढून टाकतात. ते धोक्याचे आहे. तापमान साडेपाच अंशांनी चढले की दाब सुमारे एक पौंडाने चढणारच. म्हणून हवा सकाळी, गाडी निघण्यापूर्वी, थंड चाकात मोजावी.

मात्र सगळा भार टायरवर टाकू नये, हेही तितकेच खरे. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजाजवळ याच महामार्गावर खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी दगावले. टायर फुटला असे चालकाने आधी सांगितले होते. परिवहन विभागाच्या तपासणीत मात्र तसा पुरावा आढळला नाही. चांगले टायर बसवून झोप अनावर झालेल्या माणसाने गाडी हाकली, तर त्या टायरांचा उपयोग काय? टायर माणसाच्या सावधपणाला साथ देतो, त्याची जागा घेत नाही.

तर मग हे सारे पैसे सार्थकी लागतात का? याचे रोख उत्तर कधीच मिळत नाही. बियाण्याचे पैसे कणसात दिसतात, खताचे पानात दिसतात. चांगल्या टायराचे पैसे दिसतात ते न झालेल्या गोष्टीत. आणि न झालेल्या गोष्टीची पावती कुणी देत नाही. त्या पावसाळ्यात सूनबाई प्रत्येक रात्री घरी परतली. जुन्या टायरांवरही ती कदाचित परतली असती. पुतण्याच्या मोटारीखाली एखाद्या रात्री बर्फ आलाच नसता, असेही झाले असते. म्हणून असा खर्च वसूल झाला की नाही हे मागाहून मोजण्यात अर्थ नाही. तो आधीच ठरवावा लागतो, आणि ठरविताना दोनच गोष्टी पाहाव्या लागतात: पुढे कोणता ऋतू आहे, आणि गाडीत कोण बसणार आहे.

वाचकांना एवढीच विनंती की रोहिणी नक्षत्र लागले म्हणजे एकदा अंगणात जाऊन चाकांपाशी वाकावे. नक्षी पाहावी. स्टेपनीतही हवा आहे की नाही हे पाहावे. टायरच्या कुशीवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे २३२० असेल तर २०२० सालच्या तेविसाव्या आठवड्याचा टायर. तो वाचावा आणि वय मोजावे. या कामाला दहा मिनिटे पुरतात, आणि पैसा लागणार असेल तर त्याची तजवीज करायला मृगापर्यंत पंधरा दिवस हाती राहतात.