पार बाप्यांचा, आड बायकांचा

तीन खणांच्या घरात सख्खी-चुलत मिळून डझनभर भावंडं वाढलो. आता सुना विचारतात, "एवढे मावत कुठं होतात?" मावत नव्हतोच. आम्ही तळवड्याच्या गावठाणात मावायचो. अभ्यास देवळाच्या सभामंडपात, कारण भरवशाचा दिवा तिथंच. उन्हाळ्यात झोप ओट्यावर. पोहायला इंद्रायणी, चुलते पाठीला पत्र्याचा डबा बांधून ढकलून द्यायचे, पुढचं ज्याचं त्यानं बघायचं.

पार बाप्यांचा. टेल्कोची शिफ्ट करून आलेले चुलते तिथं मांडी ठोकायचे. पेपर एक, वाचणारा एक, मध्येच "थांब, ते परत वाच" म्हणणारे दहा.

बायकांचा आड. पोहरा वर येईपर्यंत कुणाची सोयरीक जुळायची, कुणाची मोडायची. सासूसमोर तोंड न उघडणाऱ्या आमच्या धाकट्या काकू आडावर अशा नकला करायच्या की बायकांच्या कळशा हिंदकळायच्या. दोर घासून घासून कडेच्या दगडात बोटभर खाच पडली होती. आम्ही पोरं तिच्यात चिंचोके लपवायचो आणि ते कुणी पळवले यावरून भांडायचो.

१९९७ साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलं. नळ दारात आला तेव्हा आईनं त्याला हळद-कुंकू वाहिलं. त्यावर आता गळे काढण्यात अर्थ नाही. पाणी शेंदून तिचे खांदे कामातून गेले होते. पण आड बुजला, त्यासोबत बायकांची घराबाहेर बसायची हक्काची जागा गेली, आणि हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मग आयटी पार्क आलं, भाडेकरू आले, ओटे आत घेऊन लोकांनी खोल्या काढल्या. आमचाही ओटा त्यातच गेला. त्याचं भाडं अजून येतं.

पुढं पाराचं सुशोभीकरण झालं. गट्टू बसले, 'सौजन्य' लिहिलेली बाकडी आली. बाकडी सोयीची आहेत, गुडघे गेलेल्याला मांडी कुठली जमणार? बाकी जागा दुचाक्यांनी घेतली.

पुतणी आर्किटेक्चर शिकते. परवा सगळे जमलो असताना तिनं चीनमधल्या ग्वांगझौ शहरातल्या एनिंग रोडचे फोटो दाखवले. ती जुनी वस्ती आधी पाडायला काढली होती, बरीच घरं पडलीही. रहिवासी भांडले. मग २०१६ मध्ये वस्तीचा एक भाग थोडाथोडा दुरुस्त करायला घेतला. जुन्या भिंती ठेवल्या, गल्ल्या आणि मोकळ्या जागा नीट केल्या. आता तिथं फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते, कॅफे आहेत. जुने शेजारी मात्र फारसे उरलेले नाहीत, हे तिनंच सांगितलं. दादाला गल्लीतली फरशी आवडली. "असं आपल्याकडं झालं पाहिजे," म्हणाला.

थोरल्या वहिनींनी चष्मा लावून सगळे फोटो बघितले. "अगं, यात तिथल्या म्हाताऱ्या बायका कुठं बसतात?"

पुतणीनं फोटो मागं-पुढं सरकवले. एक कॅफेची खुर्ची सापडली.

"तिथं चहा घेतल्याशिवाय बसू देतील का?" वहिनींनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आपली मागणी सांगून टाकली. आड होता तिथं एक कट्टा, वर सावली, आणि तोंड पाराकडं नको.

"पाराकडं का नको?" दादानं विचारलं.

"तुम्ही ऐकत बसता म्हणून."