जुन्या शहरातील परस : फळ्या गेल्या, फरशी आली

मोर्णेच्या पश्चिम तीरावर अकोल्याचे जुने शहर आहे. रेल्वे आली, तशी कचेऱ्या, पेठा आणि नव्या वसाहती पूर्व तीरावर पसरत गेल्या. अलीकडे राहिले ते असदगडाचे अवशेष, राजराजेश्वराचे मंदिर, दहीहंडा वेस, आगर वेस आणि अरुंद बोळांतून एकमेकांना खांदा देऊन उभे असलेले वाडे. यांतील बरीच व्यापारी कुटुंबे आता पलीकडच्या फ्लॅटमध्ये राहावयास गेली आहेत. जी राहिली, त्यांच्यापुढे दर पावसाळ्यापूर्वी एकच प्रश्न असतो: लाकूड किती दिवस सांभाळायचे?

आमच्या वाड्याच्या परसात सागवानी फळ्यांचा बारा फूट बाय दहा फुटांचा उंचवटा होता. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपले की आजी तेथेच आसन टाकून सामायिक करीत. फळ्यांच्या पोटात वाळवी शिरली. औषध मारणाऱ्याने दरवर्षी जमिनीत विष सोडण्याचा सल्ला दिला. आजी एवढेच म्हणाल्या, "अरे, खाली विष ओतून वर मी कोणते सामायिक करू?" त्यानंतर त्या विषयाची चर्चा झाली नाही.

दगड घालायचा ठरला, तरी त्यातही आरंभ आहेच. खाणीतून दगड काढणे, कुदळीने माती खणणे, यांत पृथ्वीकायाची विराधना होते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. श्रावकाला आरंभ पूर्णपणे टाळता येत नाही. एकदा करून वर्षानुवर्षांचा टाळता येतो का, एवढाच विचार त्याच्या हाती असतो. म्हणून काम चैत्र-वैशाखात, जीवोत्पत्ती वाढण्यापूर्वी धरले. वाळवीच्या फळ्या जाळल्या नाहीत. शेताच्या बांधावर सावलीत नेऊन ठेवल्या. ज्या निर्दोष निघाल्या त्यांचे पाट झाले.

वऱ्हाडात फरशीचा खरा शत्रू पाऊस नव्हे, तर खालची काळी माती. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची फरशी उचलून टाकते. तिच्यावर थेट सिमेंटचा थर ओतला की तो तडकतो. म्हणून नऊ इंच माती काढली, सहा इंच मुरूम दोन थरांत घालून धुम्मसाने ठोकला, त्यावर दीड इंच वाळू अंथरली आणि तिच्यावर दीड इंच जाडीच्या दोन फुटी चौरस फरश्या बसविल्या. तीस फरश्या पुरल्या. पेढीच्या गादीवर बसणाऱ्या मुलांनी सहा रविवार पहाटे सहा ते नऊ हे काम केले. नवानंतर अकोल्याच्या उन्हात घमेले धरवत नाही. एक वृद्ध गवंडी पहिल्या दिवशी पाणसळ कशी धरावी ते दाखवून गेला.

काळा पाषाण अधिक टिकतो. मिर्झाराजे जयसिंहांची म्हणून ओळखली जाणारी बाळापूरची छत्री पाहिलेल्यास ते सांगावे लागत नाही. परंतु मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि आपल्या साधु-साध्वींचे पाय अनवाणी असतात. म्हणून कर्नाटकातील शहाबादची फिकट राखी फरशी घेतली. तीही तापतेच, दुपारी तेथे कोणी जात नाही, आणि सायंकाळसाठी पश्चिमेला कापडाचा आडोसा बांधला आहे. गुळगुळीत केलेली फरशी मुद्दाम नाकारली. ओल्या पायांनी घसरणारे ते देखणेपण वृद्धांच्या घरात काय कामाचे?

सर्वांत अधिक काळजी उताराची घेतली. दर मीटरला दीड सेंटीमीटर ढाळ मोरीच्या दिशेने ठेवला. पाणी साचले की शेवाळ धरते, आणि लीलफुलावर पाय पडणे म्हणजे अनंतकायाची विराधना. मग इर्यासमिती पाळणारी साध्वी त्या परसात पाऊल तरी कशी ठेवील? सांधे नुसत्या वाळूने भरले असते तर मुंग्यांनी घरे केली असती आणि झाडताना ती मोडली असती. चुना-वाळूने दर्जा भरल्या. सिमेंटपेक्षा चुना मऊ. जमीन थोडी हलली तरी तो तेवढा ताठपणा करीत नाही.

आता रोज मऊ झाडूने पुंजणे, एवढीच निगा. ॲसिडने मात्र कधी धुऊ नये. शहाबादी हा चुनखडीचा दगड, ॲसिड त्याला खाते. पहिल्या पावसाळ्यानंतर मोरीजवळच्या दोन फरश्या किंचित खाली बसल्या. दिवाळीनंतरच्या रविवारी मुलांनी त्या उचलल्या, खाली पसाभर वाळू सारली आणि पुन्हा बसविल्या. गवंड्याला बोलवावे लागले नाही. आजींनी त्या दिवशी आसन तेवढे दोन हात अलीकडे घेतले.